पन्नास पावलांचं अंतर

तीन दिवस बर्फ पडला,
मग पहाटे दक्षिणेकडून फॉन वारा आला, उबदार, लाघवी,
उसने पैसे मागायला आलेल्या मेव्हण्यासारखा.
दुपारी वळचणीला पागोळ्या लागल्या.
खालच्या आळीत कुणीतरी खिडकी उघडून म्हणालं, सुटलो.

मी फावडं घेऊन वर गेले.
छातीइतका खड्डा खणला, भिंत हातमोज्यानं पुसली.
वरती कालचा, ओला, जड;
त्याखाली वाऱ्यानं थापलेली लादी;
आणि तळाशी डिसेंबरचा जुना थर,
साखरेसारखा दाणेदार,
मुठीत धरला की बोटांतून गळणारा.
सगळा डोंगर ह्या साखरेवर उभा.
परतताना उतार एकदाच बोलला, धप्प,
जशी रिकाम्या घरात माडीवर कुणी गादी टाकावी.

खाली येऊन फळ्यावर लिहिलं: चार.
रस्ता बंद. शाळा बंद. चर्चची वाट बंद.

आणि थेओडूल गेला होता आदल्याच रात्री.
चाळीस वर्षं हा फळा त्याचा,
हे फावडंही. दांड्यावरची झीज अजून त्याच्याच हाताची.

क्रेसेन्सियाला सांगायला मीच गेले.
शवपेटी तळघरात, चीजच्या फळ्यांशेजारी.
ती बटाटे सोलत होती.
"किती दिवस?"
"सांगता येत नाही."
"तोही हेच म्हणायचा," ती म्हणाली,
"माझ्या बहिणीच्या लग्नात."

दोन दिवस काहीच झालं नाही.
उन्हात डोंगर सायीसारखा निवांत.
बेकरीवाला रेमो मला ऐकू जाईल इतपत पुटपुटला.
तिसऱ्या दिवशी, दोन वाजून दहा मिनिटांनी,
कड्याखाली केसाएवढी भेग आडवी धावली.
थोडासाच भाग सुटला, लार्चच्या झाडांपाशी येऊन बसला.
रेमो म्हणाला, एवढ्यासाठी?
मी वहीत लिहिलं, एवढा आला.
खाली लिहिलं, बाकी आहे.

चौथ्या रात्री आभाळ निवळलं.
पागोळ्या जिथल्या तिथं गोठल्या.
साडेचारला मी दारं ठोठावली:
आत्ता. ऊन यायच्या आत.

घंटा वाजवली नाही.
घंटेनं बर्फ कोसळत नाही, हे मला ठाऊक आहे,
त्यालाही होतं;
तरी दोराला कुणी हात लावला नाही.

पुढे दोघं स्लेज ओढत,
मागे एकेक जण, कपाळावर दिवा,
दोघांमध्ये पन्नास पावलं.
खांद्याला खांदा नाही,
हुंदका आला तर धरायला कुणी नाही.
मधोमध क्रेसेन्सिया, ताठ,
ओठ हलत होते.
फादरना वाटलं प्रार्थना.
ती पावलं मोजत होती.

पलीकडे उभी राहून मी माणसं मोजली.
निघाले होते एकोणीस.
भरले वीस.
पोटात गोळा आला, पुन्हा पहिल्यापासून धरले,
तेव्हा कळलं पहिला कोण होता.

फादरनी पुस्तक उघडलं.
मी म्हटलं, थोडक्यात घ्या.
वर कड्याच्या टोकाला पिवळी रेघ लागली होती,
आणि सगळ्यांना अजून परत जायचं होतं.