दहावा चमचा

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली मी.
मार्केट यार्डातल्या तराजूंची पारडी उलटी करून
खाली चिकटवलेली चिंच शोधली,
रॉकेलच्या मापाला पडलेला पोचा
नुसत्या अंगठ्याने चाचपून सांगितला.
तेव्हा भांडारकर रस्त्यावरच्या त्या दुकानात
एका गोळ्याचे तीनशे चाळीस ऐकल्यावर
तोंडातून निघालं ते खात्याचंच:
"किती ग्रॅम?"

काउंटरमागची मुलगी म्हणाली, "सर, स्कूप असतो."
म्हटलं, स्कूप हे माप नाही.
ती हसली नाही. हसायचं असतं एवढं तिला शिकवलं असावं,
कधी, ते राहून गेलं असावं.

घरी शालनच्या केकच्या काट्यावर
दोन डबे ठेवले, दोन्ही अर्ध्या लिटरचे.
कोपऱ्यावरच्या डेअरीतला, दीडशेचा: दोनशे साठ ग्रॅम.
त्या दुकानातला, नऊशेचा: चारशे चाळीस.
म्हणजे स्वस्तात जवळजवळ निम्मी हवा.
आणि माप लिटरचं, त्यामुळे गुन्हा नाही कुणाचाच.
पण हवा वजा करूनही
ग्रॅमला साडेतीनपट उरतातच.
ते कशाचे?

मंगळवारी दुपारी पुन्हा गेलो.
दुकान रिकामं. एसी कुणासाठी चालू होता कोण जाणे.
तिच्या छातीवरच्या पट्टीवर नाव: मोनाली.
राहायला जनता वसाहतीत, वरच्या अंगाला,
तिथे पाणी चढतं की नाही ते विचारायची सोय नाही.
म्हटलं, खरं सांग, आहे का हे तेवढ्याचं?

तिने आधी आतल्या दाराकडे पाहिलं.
"अठरा फ्लेवर आहेत, काका.
अठराही मी खाल्लेत. ट्रेनिंगमध्ये.
ह्या चमच्याने." तिने गुलाबी चमचा दाखवला,
कानकोरण्याहून थोडा मोठा.
"पहिला चमचा तर आहेच तेवढ्याचा.
दहावा कसा लागतो, ते नाही माहीत."

प्रकरण मी हातात घेतलं.
सासवडच्या अंजिराचा एक कप,
बाहेरचा बाक, गुलमोहराची अर्धी सावली.
पहिल्या चमच्यात अंजिराच्या बिया
दाताखाली कुरकुरल्या.
दुसऱ्यात दूध. पाण्याशी ओळख नसलेलं.
तिसऱ्याला मी शालनला फोन लावणार होतो.
चौथा, पाचवा.
आठव्याला रिक्षा करावी की पीएमटी, ते डोक्यात.
दहाव्याला जीभ बधिर:
अंजीर कपात होतं,
मी तिथे नव्हतो.

आत जाऊन अहवाल दिला.
पहिल्या तीन चमच्यांचे पैसे वाजवी.
पुढे नुसती किंमत खायची, पोरी.
तुझं काही हुकलेलं नाही.

ती काच पुसत होती. हात थांबला नाही.
"ते तुम्ही खाऊन सांगताय, काका."

एकतीस वर्षांत कुणी
माझं पारडं असं उलटं केलं नव्हतं.

कप घरी आणला. पैसे दिलेत, टाकायचा कशाला?
चांगला जाड आहे, झाकण घट्ट बसतं.
शालनने धुऊन त्यात मोहरी भरली,
भरता भरता सगळं ऐकून घेतलं,
आणि विचारलं, "मग तिला दिलंत का एक?"

म्हटलं, पाकीट काढलंच होतं,
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

गिऱ्हाईक आलं नव्हतं.