शनच्या आधीचं घर

महापेच्या चौथ्या मजल्यावर शीबा मॅडम सांगतात:
हनुवटीखाली तळहात धरा आणि शब्द म्हणा.
हनुवटी जितक्यांदा हाताला टेकेल
तितके त्याचे तुकडे.
आम्ही अठरा जण, दाढ दुखल्यासारखे बसून
‘ऑपॉर्च्युनिटी’ म्हणतो.
पाच.

मग जोर शोधायचा.
सगळे तुकडे सारखे नसतात म्हणे,
एकच उभा राहतो, बाकीचे त्याच्या आडोशाला.
‘फो’वर जोर दिला तर फोटो,
‘टॉ’वर दिला तर तो काढणारा माणूस.
माझ्या तोंडात अक्षरं पंगतीला बसतात,
प्रत्येकापुढे पान,
म्हणून हेडफोनपलीकडची बाई
पुन्हा पुन्हा विचारते, सॉरी?

रात्री घणसोली गावात, ओट्यापाशी
मी हनुवटी धरून बसते.
आई जिताडा कापतेय.
‘कवरे तुकरे झाले गो?’
तिला मोजावं लागत नाही,
सांधा तिच्या बोटाला कळतो.

सरावाला लांब शब्द हवे होते
म्हणून बाबांची फाईल उघडली.
वरच्या कागदाला मिठागराचा वास, की मला वाटला.
ॲ-क्वि-झि-शन.
री-ह-बि-लि-टे-शन, सहा.
वहीत लाल शाईने नियम आहे:
शेवटी ‘शन’ आलं
की जोर त्याच्या आधीच्या घरावर पडतो.
अपवाद शोधत बसू नका.

बाबा उंबऱ्यावर ऐकत होते.
हसुराम गोमा म्हात्रे, सातवी नापास,
चाळीस वर्षं म्हणतायत ‘कापनशेशन’,
सगळा जोर पहिल्याच ‘काप’वर.
मी म्हटलं, बाबा, ‘से’वर द्या. कॉम्पेन्सेशन.
त्यांनी चिरा पडलेला तळहात
हनुवटीखाली धरला,
दोनदा म्हणून पाहिलं.
बरोबर आलं.
‘आता देतील?’

फाईलीतला शेवटचा कागद नवा आहे,
पिन अजून चकचकीत.
डि-मो-लि-शन.
चार, मी म्हटलं, आणि बोट ‘लि’वर ठेवलं.
खाली गल्लीचा नकाशा,
घरांना नंबर, दोन घरांभोवती गोल.
आमचं शेवटून दुसरं.

‘हात धुव,’ आई म्हणाली.
‘डोकं तुझ्या बापाला.
मधली तुकरी तू घे.’