दोन टिंबं, एक तिरकी रेघ

खराडी, सातवा मजला, रात्रीचे पावणेबारा.
एसी दहालाच बंद करतात, म्हणून खिडकी उघडी
आणि नदीकडचे डास रात्रपाळीला हजर.
बिल्ड पडलाय.
एकेचाळीस मॉड्यूल्स, त्यातलं एकच अडलंय : पावती.
म्हणते, नियमांची फाईल सापडत नाही.

माझ्या मशीनवर सापडते.
नाझनीनच्या मशीनवर सापडत नाही.
"तू कुठे उभी राहून चालवतेस?"
"कुठे म्हणजे? पावतीतच."
मी चालवतो सगळ्यात वरच्या फोल्डरातून,
जिथून सगळं खालीच असतं
आणि हरवायला जागाच नसते.

पावतीला विचारलं, तुझं घर कुठलं,
तर म्हणते, हेच.
हिशेबाला विचारलं, तोही म्हणतो, हेच.
एक टिंब म्हणजे इथे.
ज्याचं त्याचं इथे.
खोटं कुणीच बोलत नाही, पंचाईत तीच.

चूक म्हणायची तर हेबळ्यांची.
सत्यजित हेबळे, सहा वर्षांपूर्वी याच खुर्चीत
(हल्ली बाणेरला स्वतःचं काहीतरी, सेंद्रिय गुळाचं बहुतेक),
लिहून गेले :
टिंब टिंब तिरकी रेघ, टिंब टिंब तिरकी रेघ, मग नियम.
म्हणजे एक घर वर जा, अजून एक घर वर जा, तिथे आहेत.
पत्ता सांगायची आपली पद्धतच ती.
पंप सोडलात की डावीकडे,
मग आधी लॉन्ड्री होती ना, तिथून आत.
सांगणारा कुठे उभा आहे ते ऐकणाऱ्याने ओळखायचं,
लॉन्ड्री होती कधी, तेही.

मंगळवारी नाझनीनने पावती उचलली
आणि 'जुने' नावाच्या फोल्डरात ठेवली, एक पायरी खाली.
आवराआवर.
पावती बिचारी सांगितल्याप्रमाणे दोन घरं वर चढली
आणि पोचली 'व्यवहार'च्या दारात.
तिथे नियम राहत नाहीत.
(यावर आम्ही दोघंही हसलो, जरा जास्तच.)

"अजून एकदा टिंब टिंब लावू?"
लाव, रात्र निघेल.
पण तिने हात कीबोर्डवरून काढून घेतला.
"आणि परत कुणी हलवली तर?"
मग पूर्ण पत्ता लिहून पाहिला, पहिल्या रेघेपासून.
त्यात तिसऱ्या जागी नाझनीनचंच नाव आलं,
आणि सर्व्हरच्या घरी
नाझनीन नावाचं कुणी राहत नाही.

कॉफीचं मशीन 'दूध संपले' म्हणत राहिलं.

शेवटी सगळ्यात वर एक फाईल केली.
रिकामी. शून्य बाइट. नाव : मूळ.
आणि सगळ्यांना एकच सांगितलं,
असशील तिथून वर चढत राहा, ही दिसेपर्यंत.
पायऱ्या मोजू नकोस.

पावणेदोनला हिरवं झालं.
एकेचाळीसच्या एकेचाळीस.

ती कॅबने कोंढव्याला, मी स्कूटरवर बंडगार्डनवरून.
जीपीओच्या बाहेर तो शून्य मैलाचा दगड आहे,
पुण्यापासूनची अंतरं म्हणे इथून मोजायचे.
इतकी वर्षं शेजारून गेलो, आज पाय टेकवला.
दगडाच्या पोटात काही नसणार, दगडच.
साताऱ्याला, नगरला, नाशिकला
कधीतरी कुणी इथून चालायला लागलं असेल
आणि तिकडे पोचल्यावर विचारलं असेल,
किती झालं?

फोन थरथरला. नाझनीन.
पोचले. आणि सर, ती रिकामी फाईल
एखादा आवराआवर करणारा उडवून टाकेल.
(ही कुणाबद्दल बोलतेय, ते तिलाही माहीत.)
तिच्यात एक ओळ घालू का : ही काढू नका?

तीन शब्द. मोजले मनातल्या मनात,
एकोणतीस बाइट.
घाल, म्हटलं.
शून्य जाईल तिचं. जाऊ दे.