शेवटचं कधी दिसलं

आलेल्यांची तारीख लिहिणं सोपं.
चोवीस नोव्हेंबर, अंबाझरी, तलवार बदकं, सात.
खाली रेघ, गाडीला किक.

जाणाऱ्यांचं तसं नाही.
'शेवटचं कधी दिसलं' हा रकाना
नेहमी मागाहून भरावा लागतो.

आज पाणी नुसतंच पाणी.
वारलूजी डोंग्यातून जाळं ओढत म्हणाले,
"गेले ना जी थे, राती. आवाज आला होता मले."
मी तेव्हा पांढराबोडीत
दोन चादरी घेऊन झोपलेली.
दुसरी पहाटे पायाने ढकलली,
एवढंच आठवतं.

म्हणजे शेवटची दिसली ती परवा, मंगळवारी.
वहीत आकडा आहे: एक्केचाळीस.
मोजताना सिलिंडरवाल्याचा फोन चालू होता,
आणि एक मादी शेपटी वर करून बुडालेली,
तिला मी डोक्याशिवायच मोजलं.

काठावरच्या काटेसावरीला पान नाही एकही.
लाल वाट्यांवरून भोरड्या भांडतायत,
गुलाबी छातीवर परागांची भुकटी.
याही निघालेल्याच,
वाटेत जेवायला थांबलेल्या.

आणि मागे, पंपहाऊसच्या उंबरावर
टुक्. टुक्. टुक्.
तांबट.
पेन उघडलं, तारीख घातली,
मग थांबले.
हा कुठून आलेला नाही.
सगळी थंडी याच उंबरावर होता,
गप्प.

असल्यांसाठी माझ्या वहीत रकाना नाही.
समासात लिहिलं: होताच.

परत येईतो
स्कूटरची सीट तापली होती.