रिकामे दोन स्लॉट

"थांबा," प्रमोद धात्रक म्हणाला,
एम. जी. रोडवरच्या जिन्याखालच्या त्याच्या दुकानात,
"आत्ता घेऊ नका. पुढची पिढी येतेय."

पिढी.
कुणाला तरी दिवस गेल्यासारखं
हळू आवाजात बोलला तो.
मी तारीख विचारली. म्हणाला, दिवाळीच्या आसपास.
मग म्हणाला, कुठली दिवाळी ते कंपनीलाच ठाऊक,
आणि चिवड्याची ताटली माझ्याकडे सरकवली.

माझं मशीन नऊ वर्षांचं.
सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
कपडे वाळत घालतो त्या गॅलरीच्या दाराशी बसून
ते अंबडच्या कारखान्यांचे साचे रेखतं.
बाटल्यांची टोपणं, मिक्सरची भांडी,
एकदा तर एका स्कूटरच्या आरशाचा नुसता दांडा,
त्याला सतरा दिवस लागले.
फाइल उघडायला टाकली की वर्तुळ फिरत राहतं,
तोवर मी तांदूळ धुऊन कुकर लावतो.
"उघडली का?" शलाका आतून विचारते.
"तिसऱ्या शिट्टीला," मी सांगतो.

रात्री सगळे झोपले की
मी न जन्मलेल्या चिपची पत्रिका मांडतो.
कोअर किती, कॅश किती,
कोपलीच तर वॅट किती खाणार.
खोटं कशाला बोलू,
लग्न ठरल्यावर शलाकाचा फोटोसुद्धा
मी इतक्या वेळा काढून पाहिला नव्हता.

प्रमोदचा हिशोब सरळ असतो.
प्रोसेसर नवा म्हणजे सॉकेट नवं,
सॉकेट नवं म्हणजे बोर्ड नवा,
आणि बोर्ड नवा म्हणजे, साहेब, रॅमही नवी.
"रॅमचा भाव?"
"सकाळचा सांगू की आत्ताचा?"

माझ्या बोर्डवर चार स्लॉट आहेत.
घेतला तेव्हा दोन भरले,
दोन ठेवले, पुढे हात मोकळा झाला की.
हात मोकळा झाला होता. गीझर फुटला.
पुन्हा झाला, तेव्हा माझी दाढ.
म्हटलं, निदान जुन्या दोन पट्ट्या तरी
नव्यात चालतील?
प्रमोदने ड्रॉवरमधून एक नवी काढली,
जुनीशेजारी काचेवर ठेवली.
लांबी तीच. सोनेरी दात तसेच.
फक्त खाच थोडी सरकलेली,
नखभरही नाही.
पण तेवढ्यानेच बसत नाही, म्हणाला,
जोर लावलात तर दोन्ही जातील.

शनिवारी अंबडला लाइट जाते,
म्हणून शुक्रवारीच कॅबिनेट काखोटीला मारून गेलो
रज्जाकभाईंच्या टूलरूममध्ये.
त्यांनी कंप्रेसरची नळी दिली. म्हणाले, लांबून मार.
काय काय निघालं.
काळी मऊ धूळ, ओवीची एक पिन,
तांदळाचा एक दाणा (तो कसा, देव जाणे),
आणि पॉवर सप्लायच्या मागे, उबेला,
पालीचं अंडं. फुटलेलं, आत काही नाही.

रज्जाकभाईंनी ते तळहातावर घेतलं,
चष्मा कपाळावर चढवून नीट पाहिलं.
"तू वाट कसली बघतोस?
तुझी नेक्स्ट जनरेशन तर होऊन गेली."
लेथवरची पोरं इतकी हसली
की एकाचा कट हुकला, आणि मग ते त्याच्यावर ओरडले.

घरी येऊन पेस्ट बदलली, पंखा लावला.
अकरा अंश उतरला ताप.
फाइल दुसऱ्या शिट्टीला उघडली,
शलाका बाहेर येऊन बघून गेली.

रिकाम्या दोन स्लॉटमध्ये
भरलेल्या दोघांपेक्षा धूळ जास्त होती.
टूथब्रशने काढली, दाताला दात न लागू देता,
मग त्यांच्यावर चिकटपट्टी लावली,
का लावली ते मला सांगता येणार नाही.
पट्टीचं टोक नखाने दाबत असतानाच
खांद्याने फोन कानाशी धरून
मी प्रमोदला विचारत होतो,
तारीख कळली का.