रकाना क्रमांक नऊ

चोपड्याच्या स्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, जातीचा दाखला, पासपोर्ट फोटो आठ प्रती.
मार्गशीर्षातल्या एका सोमवारी
पाच भोई आले, पायांना तापीचा गाळ,
आणि काउंटरवर एक अर्ज ठेवला
जणू नुकताच पाण्यातून काढलाय.

कुठल्याशा कंपनीचा निधी,
गावातल्या लहान मंडळांसाठी. बारा पानं.
मुदत त्याच रात्री बारापर्यंत.
सुपडू भोई म्हणाला, "लिख ना बहिन,
आमले ते एक होडी पाह्यजे, अन् दोर."

संस्थेचं नाव? ते एकमेकांकडे बघतात.
नाव असं नाही. पोलीस पाटील हाक मारतो
"ए, पोहणारे!" म्हणून.
मी लिहिलं: तापीमाय जीवरक्षक मंडळ.
चुडामणने ते दोनदा वाचलं
आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

स्थापना: हिलालचा बाप
निमगव्हाणच्या पुलाखाली पहिल्यांदा उतरला ते साल.
ते कोणाला आठवत नाही. हतनूरची दारं उघडली होती,
एवढं आठवतं.

तीन वर्षांचा ताळेबंद.
जमा: गणपतीच्या वर्गणीतून उरलेले अकराशे चाळीस.
केळीच्या व्यापाऱ्याने दिलेली ट्रकची ट्यूब, दोन पंक्चर.
खर्च: दोर, डिझेल, चहा,
आणि थंडीत पाण्यातून वर आल्यावर
जे लागतं ते.
"ते काय लिखशी?"
मी लिहिलं, औषधोपचार.
पाचही जण पहिल्यांदाच हसले.

मग रकाना क्रमांक नऊ.
लाभार्थ्यांची संख्या, आणि त्यांच्या सहीचे अभिप्राय,
किमान तीन, छायाचित्रासह.

हिलालने पिशवीतून दोनशे पानी वही काढली,
कव्हरवर कार्टूनचा वाघ, पोराच्या शाळेची.
आत तारखा, आणि तारखेपुढे
निळा शर्ट, घड्याळ चालू.
बाई, हिरव्या बांगड्या, एक फुटलेली.
अनोळखी. एकच चप्पल.
मुलगी, खिशात चिंचा.
एकशे सदतीस नोंदी, अक्षर तीन-चार हातांचं.

"मरेल मानूस सही कशी करी, माय?"
सुपडू खरंच विचारत होता,
काही मार्ग असेल तर.

मी म्हटलं, घरच्यांकडून घेऊ.
ते परत भेटत नाहीत, तो म्हणाला.
बाजारात समोर आले तर रस्ता बदलतात,
रागाने नाही,
आम्हाला पाहिलं की त्यांना नदी दिसते.

सव्वादहा. पॅनकार्ड स्कॅन होत होतं
तेव्हा फोन वाजला, पुलावरून.
कोणी काही विचारलं नाही. ट्यूब घेतली,
बाकड्याखालचा दोर घेतला,
आणि माझी शटर ओढायची लोखंडी आकडी,
"ही नेऊ का?" म्हणेपर्यंत चुडामण दाराबाहेर.
पाच कप चहा तसाच, साय धरत.

अर्ज तयार होता, सही तेवढी बाकी.
अकरा चाळीसला मी सुपडूची सही
रद्दी कागदावर करून पाहिली. जमत होती.
तरी केली नाही. का, ते अजून नीट सांगता येत नाही.
बाराला पडद्यावरचं बटण करडं झालं.

पहाटे शटर वाजलं.
सुपडू, केसांतून पाणी, हातात आकडी.
"जिवंत?"
त्याने एक बोट वर केलं.
धरणगावकडचा पोरगा, ओकला, आईचं नाव घेतलं,
मग सुपडूलाच शिव्या घातल्या.
"सही कोठे करू?"

बारा वाजून गेल्याचं मी बोलले नाही.
त्याने ओल्या हाताने केली,
'भोई'तला काना पाझरत
खालच्या ओळीत उतरला.

आणखी एका निधीची जाहिरात कापून ठेवलीय,
मुदत चैत्रापर्यंत.
आकडी मी परत घेतली नाही.
शटर हातानेच वर करते.