ऊटा आयता?

गुरुवारी सात वाजता
चौथी ब च्या वर्गात बसतो आम्ही.
गुडघे बाकाखाली मावत नाहीत.
फळ्यावर सतराचा पाढा, एकशे एकोणीसवर थांबलेला.
कुणी पुसत नाही. पोरांचा आहे.

उद्यमबागेत लेथवर होतो मी.
हात थरथरायला लागले तसा मायक्रोमीटर विकला,
मग सुमित्राक्काची शिलाई मशीन.
खिडकीपाशी तिची जागा अजून मोकळीच आहे.

गुरुपाद हुक्केरीचा. त्याला मराठी येत नाही,
मला कन्नड शिव्यांपुरतं.
पहिल्या चाळीस रात्री नऊला त्याचा फोन :
"ऊटा आयता?"
घेतलंस का, हे नाही.
पैसे कुठून आणलेस, हेही नाही.
जेवलास का, एवढंच.

मी खोटंच सांगायचो, आयतू.
एकदा कंटाळलो खोट्याला,
उभ्यानंच भाकरी खाल्ली शेंगाचटणीशी
आणि फोनची वाट बघत बसलो.

आज नवा पोरगा आला, वडगावचा,
उकाड्यातही बाह्या मनगटापर्यंत.
नऊला मीच लावला फोन.
तोंडातून कन्नडच निघालं.
पलीकडं कुत्रं भुंकत होतं.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "अजून नाय."

"मग जेव," म्हटलं,
"मी हाय लाईनवर."